गोधडीची किंमत किती लिहू? टपाल, कस्टम्स आणि कुरिअरवाल्यांना खुलं पत्र

मा. टपाल खात्याचे साहेब, कस्टम्सचे साहेब, दिल्लीतल्या वाणिज्य मंत्रालयाचे साहेब, आणि गल्लोगल्ली 'वर्ल्डवाईड पार्सल' असा बोर्ड लावून बसलेल्या समस्त कुरिअरवाल्या दादांनो,

सप्रेम नमस्कार.

एकाच पत्रात सगळ्यांना घातलंय म्हणून रागावू नका, पण कुरिअरवाल्याला विचारलं की तो म्हणतो कस्टम्सला विचारा, कस्टम्स म्हणजे तिकडचं की इकडचं ते कुणालाच माहीत नाही, आणि पोस्टात विचारलं की ते म्हणतात वरून ऑर्डर आहे. म्हटलं आता सगळ्यांना एका ओळीत उभं करून एकदाच बोलावं. पत्र उघड्यावर लिहितेय कारण माझ्यासारख्या आया सांगलीत, साताऱ्यात, पुण्यात, डोंबिवलीत ढिगाने आहेत, त्यांनी पण वाचावं.

मी सांगलीची. रिटायर होऊन चार वर्षं झाली. एकुलती एक लेक अमेरिकेत, ओहायोमध्ये कोलंबसला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तिचं पहिलं बाळंतपण. मी जाणारच होते, तिकिटं बघून ठेवलेली, पण जूनमध्ये ह्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि ह्यांना एकटं ठेवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. मग ठरलं की आई जात नाही तर आईचं पार्सल जाऊ दे.

आता बाळंतिणीच्या पार्सलात काय काय असतं ते साहेब लोकांना माहीत नसेल तर घरात विचारा. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, सुंठपूड, बाळाची झबली टोपडी, एक कुंची, मऊ सुती दुपटी. अळिवाचे लाडू नाही केले कारण त्यात ओलं खोबरं, ते आठवडाभर पण टिकत नाहीत, आणि नुसते अळीव द्यावेत तर ते पडलं बी, बी म्हटलं की तिकडचं शेती खातं विचारणार, म्हणून ते पण काढलं. आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे गोधडी. आमच्याकडे वाकळ म्हणतात. सासूबाईंची दोन इरकली लुगडी होती, धुवून धुवून लोण्यासारखी मऊ झालेली, सासूबाई २०११ साली गेल्या तेव्हापासून ट्रंकेत ठेवलेली, ती काढली, आत जुनी सुती साडी घातली आणि रोज दुपारी ह्यांना झोप लागली की धावदोरा घालत बसले. महिना लागला. पणजीच्या लुगड्यात बाळ गुंडाळलं जावं एवढीच इच्छा.

गौरी उठल्या आणि ३ सप्टेंबरला मी पिशवी घेऊन पोस्टात गेले. काउंटरवरचा मुलगा ओळखीचा, चांगला आहे, म्हणाला काकू अमेरिकेचं काही म्हणजे काहीच घेत नाही आता. मी म्हटलं पार्सल नको तर नको, बाळाला एक पत्र आहे आजोबांचं तेवढं तरी घे. तर म्हणाला पत्र पण नाही. माझा विश्वासच बसेना. लढाई चालू आहे का अमेरिकेशी? ज्या देशात आपली लाखो माणसं आहेत तिथे साधं पाकीट जात नाही, हे मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

घरी आले, पुतण्याला फोन लावला. तो न्हावाशेवा बंदरावर क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवायच्या कामात आहे, त्याला यातलं कळतं. त्याने जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं, ते इथे देते, कारण पोस्टाच्या दारावर हे कुणीच लिहिलं नव्हतं.

अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचं सामान ड्युटीशिवाय, म्हणजे आयातकर न भरता आत जायचं. मे महिन्यात त्यांनी चीनच्या पार्सलांसाठी ते बंद केलं आणि ३० जुलैला त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी सही करून २९ ऑगस्टपासून सगळ्या जगासाठी बंद केलं. त्यातच भारतावरचा टॅरिफ, म्हणजे आपल्या मालावरचा आयातकर, २७ ऑगस्टला ५० टक्के झाला. तारीख बघा, त्या दिवशी आमच्याकडे गणपती बसत होते. आता एवढी ड्युटी गोळा कोण करणार, कशी करणार, अमेरिकेच्या खात्यात भरणार कोण, हे कुणी नीट ठरवलंच नव्हतं, म्हणून विमान कंपन्यांनी टपालाच्या थैल्या घ्यायला नकार दिला. आपल्या टपाल खात्याने २३ ऑगस्टला जाहीर केलं की २५ पासून बुकिंग बंद, फक्त पत्रं, कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू चालतील. ३१ ऑगस्टला तेही बंद केलं. राखीपौर्णिमा ९ ऑगस्टला होऊन गेलेली म्हणून त्या राख्या तरी वाचल्या म्हणायच्या.

म्हणजे मी गौरीचं आवरत बसले त्याच पाच-सहा दिवसांत माझं पार्सल निदान कागदावर तरी जाऊ शकत होतं. मला कुणी सांगितलं असतं तर गौरीचं आवरणं टाकून गेले असते, गौरीने समजून घेतलं असतं, लेकीचीच गोष्ट आहे शेवटी.

आता माझी पहिली तक्रार इथेच आहे, आणि ती टपाल खात्याकडे आहे. अमेरिकेने केलं ते अमेरिकेने केलं, त्याला तुम्ही काय करणार, हे मला कळतं. एकट्या भारतानेच बंद केलं असंही नाही, जगभरच्या टपालवाल्यांची तीच गत झाली. पण ३० जुलैला सही झाली, २९ ऑगस्टला लागू होणार हे माहीत होतं, मधे अख्खा महिना होता. आणि लोकांना कळवलं कधी तर बंद करायच्या दोन दिवस आधी! ब्रिटनच्या रॉयल मेलने पण बंद केलं होतं पण ऑगस्ट संपायच्या आत त्यांनी ड्युटी आधीच भरून घ्यायची नवी सोय चालू केली. आपल्याकडे सुरू झालं १५ ऑक्टोबरला. २५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर, मोजलेत मी, ५१ दिवस. लक्ष्मीपूजन २१ ला. म्हणजे फराळाची पार्सलं जायची तेव्हा दार बंद आणि दार उघडलं तेव्हा चकली पोचायला सहा दिवस राहिलेले. चांगलं ते पण सांगते, ज्यांची पार्सलं अडकली त्यांना टपालखर्च परत देऊ असं खात्याने सांगितलं होतं आणि नवी पद्धत आधी दिल्ली आणि महाराष्ट्रातच करून बघितली म्हणे, छान आहे. पण मधल्या ५१ दिवसांत 'आम्ही इथपर्यंत आलोय, साधारण अमुक तारखेला सुरू होईल, तोवर नाशवंत काही बांधून ठेवू नका' असं एक वाक्य आमच्या पोस्टाच्या दारावर लागलं नाही. बाळंतपण आणि दिवाळी या दोन गोष्टी ऑर्डरची वाट बघत थांबत नाहीत.

मग काय, गेले कुरिअरकडे. नाव घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही, कारण नंतर मी अजून तीन ठिकाणी चौकशी केली तर सगळीकडे तोच प्रकार.

५ सप्टेंबरची गोष्ट. साडेसात किलो भरलं. ८,२०० रुपये. एप्रिलमध्ये शेजारच्यांनी तेवढ्याच वजनाचे साडेपाच हजार दिले होते, पण सीझन आहे आणि पोस्ट बंद आहे म्हटल्यावर रेट वाढणारच, मी काही बोलले नाही. मग तो मुलगा कॉम्प्युटरवर इनव्हॉईस करायला बसला आणि मला म्हणाला काकू, या क्विल्टची किंमत किती लिहू?

मी म्हटलं किंमत कसली, घरच्या लुगड्याची आहे, दोऱ्याचे चाळीस रुपये झाले.

तो म्हणाला चाळीस रुपये लिहिलं तर तिकडे संशय घेतात. मग त्याने गुगल केलं, हँडमेड क्विल्ट, कुठल्यातरी दुकानाची साडेसहा हजाराची निघाली, तेवढी टाकली. लाडवांवर मला म्हणाला घरचं चालत नाही, दुकानाचं पॅकिंग लागतं, आणि कुठल्यातरी दुकानाचे डबे काढून त्यात माझे लाडू भरले. सगळं मिळून इनव्हॉईस झालं ११,२०० चं. मी सही केली. वाचलं का? वाचलं, पण अहो कळलं तर पाहिजे ना. सगळं इंग्रजीत, बारीक टायपात, आणि मागे चार गिऱ्हाईकं उभी.

ह्या एका सहीत माझ्याकडून, म्हणजे त्याने माझ्याकडून, तीन चुका करून घेतल्या आणि तिन्ही मला पुतण्याकडून नंतर कळल्या.

एक. अमेरिकेने ८०० डॉलरची सवलत काढली पण माणसाने माणसाला पाठवलेली खरीखुरी भेट १०० डॉलरपर्यंत ड्युटीशिवाय जाते, हा नियम त्यांनी ठेवलाय. एका माणसाला एका दिवशी १०० डॉलर. म्हणजे तेव्हाच्या भावाने आपले साधारण ८,८०० रुपये. माझं सामान खऱ्या किमतीने पाच हजाराच्या वर जात नव्हतं. गोधडीची किंमत फुगवली म्हणून ते ११,२०० म्हणजे १२७ डॉलर झालं आणि सवलत गेली. जास्तीचे २७ डॉलर झाले म्हणून २७ वर ड्युटी असं पण नाही हो, एकदा शंभरची रेघ ओलांडली की सगळ्यावर.

दोन. पाठवण्याचं कारण या रकान्यात 'गिफ्ट' न लिहिता त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जे आधीपासून येतं तेच राहिलं, 'सेल'. आई लेकीला लाडू विकतेय!

तीन, आणि हे ऐकून मी कपाळाला हात लावला. अमेरिकेत खाण्याचं काही पाठवायचं तर त्यांच्या अन्न खात्याला आधी कळवावं लागतं, पण स्वतःच्या घरी स्वतः केलेला पदार्थ स्वतःच एखाद्याला भेट म्हणून पाठवला तर ही आगाऊ कळवायची अट लागत नाही. घरच्यालाच सूट आहे! आणि हा पोरगा माझे घरचे लाडू दुकानाच्या डब्यात घालून त्यांना दुकानाचे करून बसला.

त्या पोराला दोष देत नाही मी. महिन्याला किती मिळत असतील त्याला. त्याला कुणी शिकवलंय का? कंपनीवाल्या दादांनो, माझी दुसरी तक्रार तुमच्याकडे आहे, तुम्ही परदेशी पार्सलाचा बोर्ड लावता, साडेसात किलोला आठ हजार घेता आणि काउंटरवरच्या माणसाला भेट आणि विक्री यातला फरक सांगत नाही.

पुढची कहाणी. ८ तारखेला पार्सल मुंबईतून सुटलं, ११ ला अमेरिकेत पोचलं. मला वाटलं झालं, तीन दिवसात घरी. १४ तारखेला नात झाली. मी रोज सकाळी उठून चहाच्या आधी ट्रॅकिंग बघायची. 'क्लिअरन्स डिले.' दुसऱ्या दिवशी 'क्लिअरन्स डिले.' बाराव्या दिवशी बारसं झालं, व्हिडिओ कॉलवर बघितलं, बाळ दुकानातून आणलेल्या ब्लँकेटमध्ये, सुंदरच दिसत होतं, नाही असं नाही. मी इकडून नाव कानात सांगितलं, स्पीकरवरून. आणि त्या वेळी आमची गोधडी कुठल्यातरी गोदामात हजारो खोक्यांच्या खाली, कारण हीच वेळ जगातल्या सगळ्यांवर आली होती आणि तिकडे पण ढीग लागले होते.

मग लेकीला ईमेल आला. क्विल्टच्या कापडात सुताचं प्रमाण किती टक्के ते कळवा. वरच्या थराचं वेगळं, आतल्या थराचं वेगळं. आणि उत्पादकाचं नाव आणि पत्ता. उत्पादक! लुगडं सासूबाईंचं, त्या गेल्या त्याला चौदा वर्षं झाली, विणलं इलकलच्या कुणा विणकराने, शिवलं मी डायनिंग टेबलावर. काय लिहायचं सांगा. पुतण्या म्हणाला कापडाच्या वस्तूला तिकडे उत्पादक लागतोच, काकू तुझं नाव टाक. तर टाकलं. अमेरिकेच्या कस्टम्सच्या कागदावर मी आता गोधड्यांची कारखानदारीण आहे. ह्यांना एवढं हसू आलं की मलाच भीती वाटली छातीत दुखेल म्हणून.

पुतण्याने मला अजून एक गंमत सांगितली, प्रत्येक वस्तूला एक एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचा वस्तू ओळखायचा आकडा लागतो, गोधडी ९४०४ मध्ये जाते, वापरलेले जुने कपडे ६३०९ मध्ये. मग जुन्या लुगड्याची नवी गोधडी कशात? तो म्हणाला ९४०४ च, पण विचार करून म्हणाला. ज्याचा रोजचा धंदा आहे तो विचार करतो, आणि तुम्ही हे काउंटरवरच्या बावीस वर्षांच्या मुलाला दोन मिनिटात भरायला लावता.

शेवटी बिल आलं. ड्युटी त्रेसष्ठ डॉलर काहीतरी, वर कुरिअरवाल्याने ती आमच्या वतीने आधी भरली म्हणून त्याची फी, वर प्रोसेसिंग फी, सगळं मिळून ९८ डॉलर. पाच दिवसात भरा नाहीतर पार्सल परत पाठवू किंवा नष्ट करू, परत पाठवायचा खर्चही तुमचाच. ओल्या बाळंतिणीला हा मेल. तिने मला सांगितलंच नाही, भरून टाकले, मला जावईबापूंकडून नंतर कळलं. साधारण साडेआठ हजार रुपये झाले ते. म्हणजे इकडे मी आठ हजार, तिकडे तिने साडेआठ हजार, आणि आत होतं काय तर चाळीस रुपयाचा दोरा.

पार्सल पोचलं २२ ऑक्टोबरला. पाडव्याला. बाळाचा सव्वा महिना आदल्या दिवशीच संपलेला. लाडवांचा डबा उघडून तपासलेला, झाकण नीट लावलेलंच नाही, डिंकाचे खवट झालेले, मेथीचे खाण्यासारखे होते तिने खाल्ले, चव आली म्हणाली पण मला माहितीय. आणि गोधडी एका कडेने उसवलेली, आत काय आहे बघायला. तपासणीवाल्याचं कामच आहे ते, मान्य. लेकीला धावदोरा येत नाही. तिने सेफ्टी पिना लावायचं म्हटलं, मी म्हटलं बाळाला टोचेल, राहू दे, मी येईन तेव्हा शिवीन.

हे झालं माझं. आता जरा वाणिज्य मंत्रालयाच्या साहेबांकडे वळते, कारण तुम्हाला असं वाटत असेल की हा अमेरिकेचा आडमुठेपणा आहे आणि आपण बिचारे. तर तसं नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये आपणच नियम काढला की परदेशातून पोस्टाने किंवा कुरिअरने भेट म्हणून येणारं सामान ड्युटीशिवाय सोडायचं नाही. त्याआधी पाच हजार रुपयांपर्यंत चालायचं, पण काही लोकांनी चीनमधून मागवलेला माल 'गिफ्ट' म्हणून आणायला सुरुवात केली म्हणून सगळ्यांचंच बंद केलं. सूट फक्त दोन गोष्टींना ठेवली, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. त्यात पण लिहिलंय, राखी चालेल, राखीबरोबरची भेट चालणार नाही. ज्यांनी लिहिलं त्यांना बहीण आहे की नाही मला माहीत नाही. माझी लेक ह्यांच्यासाठी वाढदिवसाला एक स्वेटर पाठवते त्यावर पूर्ण ड्युटी भरायची. म्हणजे चार लबाडांसाठी चार लाख साध्या माणसांना शिक्षा करायची युक्ती अमेरिकेने आपल्याकडूनच शिकली की काय असं वाटावं. आपण तिकडे कुठल्या तोंडाने सांगणार की बाबांनो आजीच्या गोधडीला वेगळं समजा?

आणि हा त्रास अमेरिकेपुरता पण नाही. माझी नणंद दुबईला असते, तिला डिंकाचे लाडू पाठवायचे तर खसखस घालायची नाही, तिकडे खसखस म्हणजे अफूचं बी, अमली पदार्थात धरतात, जेलची गोष्ट आहे ती, चेष्टा नाही. अमेरिकेत तीच खसखस चालते. इंग्लंडला भेट ३९ पौंडांपर्यंत टॅक्सशिवाय जाते, जर्मनी-फ्रान्सकडे ४५ युरो, कॅनडात त्यांचे ६० डॉलर. ऑस्ट्रेलियात किमतीचं एवढं नाही, एक हजार डॉलरपर्यंत चालतं, पण बी-बियाणं, दुधाचे पदार्थ, लाकडी वस्तू यांना ते फार कडक, डबा सरळ कचऱ्यात. हे सगळं मला आता पाठ आहे. मला का पाठ असावं? हे तुमच्या भिंतीवर का नाही?

बचत गटातल्या बायकांचं वेगळंच, त्या फराळ विकतात, त्यांचा तो धंदा आहे, त्यांना ड्युटी लागणार हे त्यांना मान्य आहे. पण ५० टक्के लागल्यावर चकली कोण घेणार, आमच्या ओळखीच्या एकीने यंदा परदेशच्या ऑर्डरी घेतल्याच नाहीत. त्यांचं त्या लिहितील, माझ्यापेक्षा चांगलं लिहितील.

तर माझ्या मागण्या. फार नाहीत आणि कुणाच्या तिजोरीला भोक पडेल अशा पण नाहीत.

टपाल खात्याने आणि कुरिअरवाल्यांनी बुकिंगच्या वेळी पहिला प्रश्न हाच विचारावा की ही भेट आहे का विक्री. भेट असेल तर फॉर्मवर ठळक 'भेट' लिहावं, पाठवणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावं आणि मग सही घ्यावी. फॉर्म मराठीत वाचता येईल असा एक नमुना काउंटरवर चिकटवावा, खरा फॉर्म इंग्रजीत असला तरी चालेल, आम्ही शेजारी ठेवून भरू. जुन्या, घरी केलेल्या वस्तूची किंमत कशी धरायची हे एका ओळीत लिहून द्या, गुगलवर बघून टाकू नका.

देशवार एक पान काढा. अमेरिकेला इतकं, इंग्लंडला इतकं, दुबईला खसखस नाही. एक पान. टपाल खात्याकडे देशभर दीड लाखाच्या वर पोस्ट ऑफिसं आहेत असं तुम्हीच अभिमानाने सांगता, तर दीड लाख पानं छापा. आणि बदललं की बदला, जुनं पान भिंतीवर पिवळं पडेपर्यंत ठेवू नका.

ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालेल्या नवीन पद्धतीत पोस्टात बुकिंग करतानाच जाहीर केलेल्या किमतीच्या ५० टक्के भरायचे ठरले, तिकडे लेकराला बिल येत नाही, ही पद्धत मला खरं तर आवडली, आधी कळतं तरी. पण शंभर डॉलरच्या आतल्या घरगुती भेटीचं काय, हे मी विचारलं तिथे कुणालाच छातीठोकपणे सांगता आलं नाही. हे दिल्लीहून लेखी, स्पष्ट, सगळ्या ऑफिसांना गेलं पाहिजे. त्या मुलाला चूक झाली तर पगारातून कापतील याची भीती असते, म्हणून तो सरळ नाही म्हणतो, त्याचं बरोबर आहे.

कुरिअर कंपन्यांनी ड्युटी धरून, फी धरून, सगळा आकडा आधी लेखी द्यायचा. नंतर आलेला प्रत्येक जास्तीचा डॉलर तुमच्या चुकीने आला असेल तर तुम्ही भरायचा. माझ्या केसमध्ये 'सेल' कुणी लिहिलं ते तुमच्याच कॉम्प्युटरवर आहे. मी पाच वेळा लिहून विचारलं, पाचही वेळा 'तुमची गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत' आलं, शेवटी शेवटी तर मला वाटलं मशीनच पाठवतंय ते, आणि तेच असणार. नष्ट करण्याआधी पाठवणाऱ्याला पण फोन गेला पाहिजे, फक्त घेणाऱ्याला मेल नको, माझा नंबर तुम्ही आधार कार्डाच्या झेरॉक्ससकट घेतलाय की.

आणि वाणिज्य मंत्रालयाला एवढंच की अमेरिकेशी व्यापाराच्या बैठका चालू आहेत असं रोज पेपरात येतं, त्यात पोलाद असेल, कापड असेल, कोळंबी असेल, असायलाच पाहिजे. त्या टेबलावर घरातून घरी जाणारी भेट हा एक लहानसा मुद्दा पण ठेवा, शंभर डॉलरची मर्यादा वाढवून मागा, दोन्ही बाजूंनी. आणि त्याआधी आपला २०१९ चा नियम सुधारा. लबाडी पकडायची असेल तर एकाच पत्त्यावर महिन्याला वीस गिफ्टं येतात त्याला पकडा, वर्षातून एक स्वेटर येतो त्याला नको.

मला याचं उत्तर लवकर हवंय त्याला कारण आहे. १४ जानेवारी २०२६ ला संक्रांत आहे, नातीची पहिली. बोरन्हाण करायचंय. काळ्या खणाचं झबलं शिवून तयार आहे, त्याची किंमत मी यावेळी स्वतः लिहिणार आहे, पावतीसकट. प्रश्न हलव्याच्या दागिन्यांचा आहे. हार, बाजूबंद, मुकुट, बांगड्या, सगळं हलव्याचं, माझ्या बहिणीने घरी केलेलं. म्हणजे मी पाठवणार पण केलं बहिणीने, आता ते 'स्वतः केलेलं' धरायचं की नाही? पुतण्या म्हणतो साखरेच्या मिठाईला १७०४ लागतो आणि खोट्या दागिन्यांना ७११७. त्याने फोनवर बराच वेळ विचार केला आणि म्हणाला काकू, हे मला पण नाही सांगता येणार, हे खातात का घालतात?

मी म्हटलं आधी घालतात, मग पोरं ओढून खातात.

तर साहेब, कुठला कोड टाकू ते डिसेंबरच्या १० तारखेच्या आत कळवा, पार्सलाला पोचायला महिना धरलाय मी.

आपली,
सांगलीची एक आजी
(कस्टम्सच्या कागदोपत्री गोधडी उत्पादक)